गाडीखालचं हिरवं पाणी

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना आमची गाडी बंद पडली. एवढंच झालं... पण ते इथं लिहायला मला वर्ष लागलं.

त्या दिवशी सुजाताची, म्हणजे माझ्या बायकोची, बारामतीला परीक्षा होती. आरोग्यसेविकेची सरकारी भरती. शिरूरच्या एका दवाखान्यात ती कॉन्ट्रॅक्टवर काम करते. ड्युटी, स्वयंपाक, पोरीचा अभ्यास उरकून दोन वर्षं तिनं या एका पेपरची तयारी केली होती.

आधी गाडीचं सांगतो. मी रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला, राहायला कारेगावात. पोरीला मध्ये बसवून मोटारसायकलवर तिघं फिरायचो, म्हणून जुनी का होईना, चारचाकी घ्यायची ठरली.

सुजाताला एका रिटायर्ड सरांची छोटी, साधी गाडी पसंत होती. प्रत्येक सर्व्हिसचा कागद त्यांनी फाईलला लावून ठेवला होता. मी मात्र दुसरीच घेतली... उंच, काळी, दणकट दिसणारी. आधीच्या मालकानं तिची सर्व्हिस कधी केली होती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कंपनीच्या गेटवर चार लोक वळून बघतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आल्या आल्या सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील सगळं झालं. चौकातल्या मेकॅनिकना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाले, "रेडिएटरचा पाईप पार मऊ पडलाय. आत्ताच बदला, कवा फुटंल सांगता यायचं न्हाई."

"पुढच्या सर्व्हिसला बघू, मामा," मी म्हणालो.

पुढं आठ-पंधरा दिवसांत सुजातानं दोनदा सांगितलं, "अहो, गाडीखाली हिरवट पाणी सांडलेलं दिसतंय." मी म्हणालो, "एसीचं असतं गं ते."

एसीचं पाणी हिरवं नसतं, हिरवं असतं ते रेडिएटरमधलं कूलंट, हे मला कळत नव्हतं असं नाही. गॅरेजला गेलो की सुट्टीचा अर्धा दिवस जातो... म्हणून टाळत होतो.

तर त्या रविवारी साडेसहाला निघालो. न्हावरं मागं पडलं आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. टेम्परेचरचा काटा टोकाला टेकलेला. तो कधीपासून तिथं होता, कोण जाणे. मी शेजारी बसलेल्या बायकोला "टेन्शन घेऊ नकोस" हेच सांगत होतो.

बॉनेट उघडलं तर पाईप उभा फाटलेला. इंजिन जरा निवल्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, ते खालून तसंच रस्त्यावर वाहून गेलं. दोन्ही बाजूला ऊस, आणि आसपास चिटपाखरू नाही.

सुजाता हॉल तिकीट छातीशी धरून येणाऱ्या गाड्यांना हात करत होती. दोन गाड्या तशाच गेल्या. बऱ्याच वेळानं दुधाचा एक टेम्पो थांबला. चालवणारे आप्पा म्हणाले, "चौफुल्यापतुर सोडतो, फुडं मिळंल काहीतरी. बस पोरी." ती चढली. मला फक्त "तुम्ही गाडीजवळ थांबा" एवढं म्हणाली.

दहाच्या सुमारास तिचा फोन आला. "गेट बंद झालंय. दहाच मिनिटं उशीर झाला... आत घेत नाहीत." ती रडत नव्हती. मी सॉरी म्हणायला लागलो, तर म्हणाली, "असू द्या. पाणी बिणी प्या तुम्ही, उन्हात उभे असाल."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण घरी येऊन तिनं पुस्तकं एका पिशवीत भरली आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीला गेली.

निकाल लागला तेव्हा तिची मैत्रीण पेढे घेऊन आली. दोघी एकत्र अभ्यास करायच्या, नोट्स सुजाताच्याच असायच्या. मैत्रीण आता कवठे येमाईला पर्मनंट ड्युटीवर आहे. सुजातानं तिला मिठी मारली, हौसेनं चहा केला. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. बाहेर यायला तोंडच नव्हतं.

गाडीचं म्हणाल तर पाईप बदलला, इंजिनचं काम झालं. मामा एका शब्दानंही "सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. आता मी दर रविवारी कूलंट बघतो, ऑईल बघतो, टायरची हवा बघतो. हे तेव्हा केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं...

गेल्या महिन्यात दुसऱ्या भरतीचा पेपर पुण्यात होता. मी आठ दिवस आधीच गाडी मामांकडून तपासून आणली. संध्याकाळी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "पहाटे पाचला निघू."

सुजाता भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मी आदल्या दिवशीच एसटीनं जाते. ताईकडं राहीन."

"अगं, गाडी आता एकदम ओके आहे."

"हाय ना. पण पेपरला नको."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. म्हणूनच ते आत कुठंतरी जाऊन बसलं.

पेपर झाल्यावर तिचा फोन आला. "बरा गेला. पाचपर्यंत शिरूरला पोचते. न्यायला याल ना?"

रिझल्ट अजून यायचाय. तो काहीही येवो, गेल्या वर्षीचा पेपर मी तिला परत आणून देऊ शकत नाही. पण तिनं मला न्यायला बोलावलं, हेच माझ्यासाठी खूप होतं... मी साडेतीनलाच स्टँडवर जाऊन उभा राहिलो.