स्टोअरसाहेबांचे स्ट्रायकर

"कसा लागून राहिला हाताला?"

डाव ऐन रंगात आलेला असावा, राणी समोरच्या खिशाच्या तोंडाशी बसलेली असावी, तुम्ही श्वास रोखून स्ट्रायकरमागं बोट ताणलेलं असावं, आणि नेमका तेव्हाच शेजारून त्या स्ट्रायकरबद्दल हा प्रश्न यावा. विचारणाऱ्याचा चेहरा नाडी धरून बसलेल्या वैद्यासारखा गंभीर. तुमचा नेम हमखास चुकायचा, राणी जागची हलायची नाही, आणि गृहस्थ तरीही उत्तराची वाट पाहत बसलेले असायचे.

आम्ही त्यांना स्टोअरसाहेब म्हणायचो. सत्तरच्या दशकात सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीत मी ओव्हरसिअर होतो आणि ते सामानाच्या गोदामाचे प्रमुख. नटबोल्टापासून ताडपत्रीपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. गाव डोंगरकडा. उंच, सावळा माणूस, बोलणं संथ. कचेरी सुटली की आम्ही मोजकी मंडळी क्लबात जमत असू. क्लब म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन बाकं आणि एक कॅरम. करमणुकीचं दुसरं साधन म्हणजे धरणाचं पाणी बघत बसणं, आणि ते तर आम्ही दिवसभर सरकारी पगार घेऊन करतच होतो.

स्टोअरसाहेबांच्या बगलेत पानाचा पितळी डबा असायचा. नवा माणूस आशेनं हात पुढं करायचा. झाकण उघडलं की चुन्याच्या खणात, काताच्या खणात, जिकडं पाहावं तिकडं स्ट्रायकर. शिसवी लाकडाचा, शिंगाचा, बाजारातला लाल प्लॅस्टिकचा, आणि हैदराबादेहून कुणीतरी आणून दिलेला हस्तिदंती. तो हस्तिदंती नसून साध्या हाडाचा आहे, असं आमच्या हेडक्लार्कचं मत होतं. पण हेडक्लार्कचं मत सगळ्याच गोष्टींबद्दल असायचं, तेव्हा ते सोडून देऊ.

"प्लॅस्टिकचा म्हंजे पाव्हणा," स्टोअरसाहेब सांगायचे. "हातात टिकत न्हाई. शिंगाचा उन्हाळ्यात घाम धरतो. शिसवीचा आपला घरचा, कडा टोचत न्हाई त्याची. अन् हा हस्तिदंती गार लागतो. लागतो ना गार?"

आपण हो म्हणावं. मग ते मान डोलवायचे, स्ट्रायकर परत घ्यायचे आणि अंगठ्यानं बोटांची टोकं चोळत राहायचे. सराफ सोनं पारखतो तशी ही पारख आहे, असं आम्हांला वाटायचं. असा एखादा चोखंदळ माणूस तुम्हीही पाहिला असेल. भाजी घेताना प्रत्येक वांगं हाताळणारा, त्याच जातीतला.

हेडक्लार्क औंढ्याचे. घराण्यात देवळाची पूजा, सोमवारी कांद्याकडं बघतसुद्धा नसत. स्टोअरसाहेब त्यांना महाराज म्हणायचे, आणि ते यांना नुसतं 'स्टोअर'.

"महाराज, हा घेऊन पाहा. कसा लागून राहिला?"

"लागायचंय काय त्यात? स्ट्रायकर म्हणजे स्ट्रायकर. उद्या गोवरी दिलीत तरी राणी काढीन मी."

"गोवरी हलकी पडंल, महाराज."

खोली हसायची, हेडक्लार्क चिडायचे आणि चिडले की हरायचे. स्टोअरसाहेबांचा हात एके काळी असा होता, की ते खेळायला बसले की बाकीच्यांनी बघायचं काम करावं. पण मी सांगतोय त्या वर्षी तोही हात चुकायला लागला. साध्या सोंगट्या राहून जायच्या. मग ते स्ट्रायकर बदलायचे. शिसवीचा ठेवून शिंगाचा, शिंगाचा ठेवून प्लॅस्टिकचा. "आज हा बोलत न्हाई माझ्यासंगं," म्हणायचे.

"नाचता येईना अंगण वाकडं," हेडक्लार्क म्हणायचे. ही म्हण त्यांनी त्या वर्षी झिजवून टाकली.

चहावाला उकळता चहा घेऊन यायचा. आम्ही ग्लास रुमालात धरून फुंकत बसायचो. स्टोअरसाहेब मात्र तो उघड्या बोटांत धरून खुशाल गप्पा मारायचे. "साहेबाचा हात लोखंडाचा हाय," असं चहावाला कौतुकानं सांगायचा. आम्हांलाही कौतुकच वाटायचं.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी आम्हां सगळ्यांना खीर असायची. त्या वर्षी खीर खाऊन निघालो तेव्हा ते मला पोचवायला कालव्यापर्यंत आले. चालता चालता म्हणाले, "मला हा खेळ काहून आवडतो, सांगू तुमाला? माझ्या बापाला गावात लोक पाणी वरून वतायचे, वंजळीत. हाताला हात लागू द्यायचे न्हाईत. मी लहान होतो, बाजूला उभा राहून पाहायचो. अन् इथं बघा. एक स्ट्रायकर. माझ्या हातातून महाराजांच्या, महाराजांच्या हातातून तुमच्या. कुणी पुसून घेत न्हाई."

मी इतके दिवस कॅरम खेळत होतो, पण ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. येणार तरी कशी? माझ्या बापाला पाणी भांड्यातून मिळत होतं.

पुढं पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य खात्याची माणसं वसाहतीत आली. शाळेच्या वर्गात एकेकाची तपासणी सुरू झाली. रांगेत स्टोअरसाहेब माझ्या पुढं होते. डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्यानं त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पाण्यानं भरलेली काचेची एक नळी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना लावली.

"गरम का गार?"

"गार."

त्यानं दुसरी नळी लावली. "आता?"

"गार."

डॉक्टरनं पुन्हा पहिली लावली, पुन्हा दुसरी. स्टोअरसाहेबांनी डोळे उघडले. बोटांना टेकलेल्या नळीच्या तोंडातून वाफ निघत होती. ते त्या वाफेकडं बघत राहिले.

"कधीपासून कळत नाही?" डॉक्टरनं विचारलं.

"वरीसभर मी स्ट्रायकर बदलून राहिलो, साहेब," ते म्हणाले.

डॉक्टरला काही उमगलं नाही. मला मात्र लख्ख कळलं. पारख कसली न् काय कसलं! बोटांतली जाण चालली होती, आणि हा भला माणूस दोष स्ट्रायकरला देत होता. आपल्याला जे कळेनासं झालं, ते दुसऱ्याच्या हाताला विचारून घेत होता.

महारोगाची सुरुवात होती. वेळेवर सापडला आहे, गोळ्या नेमानं घेतल्या तर बरा होतो, सोबत उठण्याबसण्यानं, खेळण्यानं काही होत नाही, असं डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर स्टोअरसाहेब शाळेच्या पायरीवर बसले.

"क्लबात सांगू नका असं मी म्हणत न्हाई," ते म्हणाले. "सांगा. रोग लपवून कुणाच्या हातात स्ट्रायकर द्यायचा न्हाई मला. पण मग ते खेळतील का हो माझ्यासंगं? वरून वतलेलं पाणी एकदा पाहिलं. पुन्यांदा न्हाई बघवायचं."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

ते उपचारासाठी लांबच्या रजेवर गेले. मी डॉक्टरचं सगळं बोलणं क्लबात जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी नवा कोरा स्ट्रायकर आणून बोर्डावर ठेवला. त्यांनी मागं ठेवलेला पितळी डबा खिडकीच्या फळीवर तसाच राहिला. तो फेकायचा धीर कुणाला झाला नाही आणि उघडायचाही नाही. चहावाल्यानं एक ग्लास बाजूला काढला, न सांगता.

हेडक्लार्क रोज यायचे, खेळायचे आणि कुरकुरायचे. "हा मेला बोटावर बसतच नाही. कडा चावते याची." जन्मभर 'स्ट्रायकर म्हणजे स्ट्रायकर' म्हणणारा हा माणूस! एरवी आम्ही त्यांची सालटी काढली असती. त्या दिवसांत कुणी हसलं नाही.

थंडी पडली तेव्हा स्टोअरसाहेब परतले. वाळले होते, पण चेहरा तोच. संध्याकाळी क्लबाच्या दारात आले आणि दाराजवळच्या बाकावर टेकले. हात कोटाच्या खिशात. सगळ्यांनी मोठ्या आवाजात तब्येत विचारली, बसल्या जागेवरून. चहावाल्यानं तो बाजूला काढलेला ग्लास बाकाच्या पार टोकाला ठेवला आणि चटकन मागं सरला. स्टोअरसाहेबांनी ते पाहिलं. ग्लासाला त्यांनी हात लावला नाही.

आम्ही खेळ सुरू केला. दुसरं काय करणार? खोलीत नुसता सोंगट्यांचा आवाज. हेडक्लार्कनी राणीवर नेम धरला, चुकला. पुढच्या फेरीत पुन्हा चुकला. मग नवा स्ट्रायकर त्यांनी बाजूला फेकला.

"स्टोअर!"

"जी, महाराज."

"तो तुमचा शिसवीचा कुठंय?"

"डब्यात असंल."

"डब्यात नाही. मी पाहिलंय."

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. डबा त्यांनी कधी उघडला होता, देव जाणे.

स्टोअरसाहेब उठले. खिशातून त्यांनी बंद मूठ बाहेर काढली. शिसवीचा स्ट्रायकर त्या मुठीतच होता. जाताना सोबत नेला होता तर! ते बोर्डापाशी आले, स्ट्रायकर लाकडी कडेवर ठेवला आणि मागं सरायला लागले.

"तिथं काय ठेवता? हातात द्या," हेडक्लार्क खेकसले आणि तळवा पुढं केला.

स्टोअरसाहेब जागच्या जागी थबकले. मग त्यांनी तो उचलून त्या तळव्यावर ठेवला. बोटं तळव्याला टेकली. हेडक्लार्कनी तो पुसला नाही, पावडरीतही घोळला नाही. नुसता मुठीत धरून बसले.

शेवटी स्टोअरसाहेबांनीच हळू विचारलं, "कसा लागून राहिला, महाराज?"

त्या प्रश्नाला हेडक्लार्कनी पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. "गरम लागतोय."

"गरम?"

"इतका वेळ मुठीत धरून बसला होतात ना. तुमच्या हाताची ऊब आहे याला."

स्टोअरसाहेबांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. "असं व्हय," म्हणाले. "मला कळत न्हाई आता."

"म्हणून तर सांगतोय. बसा समोर."

ते बसले. मी उगाच पावडरीची डबी शोधत बसलो. हेडक्लार्कनी नेम धरला आणि राणी पुन्हा चुकवली. स्ट्रायकर फिरत माझ्याकडं आला, माझ्याकडून स्टोअरसाहेबांकडं गेला. चहावाला आत आला, बाकावरचा गार झालेला ग्लास घेऊन गेला आणि सगळ्यांचे ग्लास एकाच ताटलीत भरून घेऊन आला.

रोग हटला, पण बोटांतली गेलेली जाण परत आली नाही. ते खेळायचे, हरायचे आणि अंगणाला बोल लावायचे नाहीत. काही वर्षांनी त्यांची बदली झाली. पितळी डबा सोबत नेला, शिसवीचा स्ट्रायकर तेवढा क्लबासाठी ठेवून गेले. नंतर त्यांची माझी भेट झाली नाही.

हेडक्लार्क मात्र निवृत्त होईपर्यंत रोज सगळ्यांच्या आधी क्लबात येऊन बसायचे. तो स्ट्रायकर मुठीत धरून ठेवायचे आणि मंडळी जमली की पहिल्या खेळणाऱ्याच्या हातात द्यायचे. ते असं का करतात, हे आम्ही कुणी विचारलं नाही. थंडीच्या दिवसांतसुद्धा तो हातात यायचा तेव्हा कोमट असायचा.