आटपा की ओ!

एस्तेरअक्का मूळच्या बेळगावच्या, मराठी ख्रिस्ती. लग्न होऊन बेंगळुरूत आल्या आणि तिथल्या हेब्बाळच्याच झाल्या. जिभेला धार भारी. नवरा शांतवन मास्तर त्यांच्या अगदी उलट. जेवणं, चालणं, बोलणं, सगळं सावकाश. रोज संध्याकाळी दोघं प्रभूची प्रार्थना म्हणायची. अक्कांची ओळ संपली की मागून मास्तरांची तीच ओळ सुरू व्हायची, आणि ती संपायची वाट बघत अक्का डोळे मिटूनच खेकसायच्या, "आटपा की ओ!"

मास्तर गेल्या वर्षी वारले. यंदा चर्चची सहल इंग्लंडला निघाली, जुनी चर्चं बघायला. अक्काही गेल्या. कुणी मास्तरांचं नाव काढलं की म्हणायच्या, "ते असते तर रोज बस चुकली असती."

यॉर्कच्या भल्यामोठ्या चर्चमध्ये सोबत आलेले पाळकसाहेब म्हणाले, "आज प्रत्येकानं आपापल्या भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणायची." कन्नड मंडळींनी एका सुरात म्हटली, मग तमिळ मंडळींनी. मराठी म्हणायला अक्का एकट्याच उभ्या राहिल्या. पहिली ओळ खणखणीत म्हटली आणि थांबल्या. सगळे वाट बघत राहिले. बिचाऱ्या विसरल्या असं वाटून पाळकसाहेबांनी पुढची ओळ हळूच इंग्रजीतून सांगितली.

"पाठ आहे मला!" अक्का फणकारल्या.

त्यांनी डोळे मिटले, दुसरी ओळ म्हटली आणि पुन्हा थांबल्या. मग अगदी हळू, जवळच्यांनाच ऐकू येईल असं पुटपुटल्या, "आटपा की ओ."