चालू शूटिंग

माझ्या भावाला सगळे डायरेक्टर म्हणतात. दूधवाला म्हणतो, शेजारीण म्हणते, न्हावी तर खुर्चीत बसवून अदबीने विचारतो, "डायरेक्टरसाहेब, कल्ले ठेवू की उडवू?" दादाने आजवर एकही पिक्चर काढलेला नाही. पिक्चर कसला, एक शॉटसुद्धा पुरा केलेला नाही. आणि हे मी चेष्टेने सांगत नाही, तेच त्याचं काम होतं.

शहराबाहेर मोठं पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, पोटात गोळा आणणाऱ्या गाड्या, आणि एका कडेला स्टुडिओची सफर. उघड्या डब्यांच्या गाडीत बसायचं आणि खोट्या रस्त्यांवरून खोटी घरं बघत फिरायचं. एके काळी तिथे खरं शूटिंग व्हायचं. दादा तेव्हा सेटवर सुतार होता, खोट्या घरांना खरे दरवाजे बसवायचा. मग पिक्चरवाल्यांना कळलं की मागे एक हिरवं कापड टांगलं की डोंगर, समुद्र, भूकंप सगळं खोलीत बसून होतं. त्यांनी गाशा गुंडाळला. पार्ककडे उरले नुसते रस्ते, आणि गाडीतले पाहुणे विचारायला लागले, "शूटिंग कुठाय?"

तेव्हाच्या मॅनेजरने डोकं चालवलं. शूटिंग नाही ना, मग आपणच लावू. दादा शिडीवरून "खिळे!" म्हणून ओरडला की गेटवरची कबुतरं उडायची, म्हणून त्यालाच कापडी खुर्चीत बसवलं आणि हातात भोंगा दिला. रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड लागला: 'चालू शूटिंग. शांतता राखा.' चालू या शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे इतके चपखल बसले की बोर्ड रंगवणाराही हसला म्हणतात.

मी त्या शूटिंगमधली सूटकेसवाली. दादानेच मला चिकटवलं. सीन असा: मी सूटकेस घेऊन घरातून बाहेर येते, पायऱ्या उतरते. वरच्या पायरीवर नवरा येतो आणि म्हणतो, "थांब! जाण्याआधी एवढं ऐक..." मी मान वळवते. तोवर गाडी समोर आलेली असते आणि दादा भोंग्यातून गरजतो, "कट!" मग पाहुण्यांकडे वळून, जसं काही आत्ताच पाहिलं, "अरे, गाडी आली का? माफ करा हं मंडळी, चालू शूटिंग आहे." लोक खूश. कुणी विचारायचं, "कुठला पिक्चर?" दादा ओठांवर बोट ठेवायचा. गाडी वळली की मी परत घरात, म्हणजे दरवाजामागच्या फळीवर, कारण त्या घराला दर्शनी भिंत सोडली तर काही नव्हतं. पुढची घंटा वाजली की पुन्हा बाहेर. दीड तप मी असं घर सोडत होते.

माझा नवरा झालेला पायरीवाला मुळात इतका लाजाळू, की दुकानात सुटे मागायलाही त्याला घाम फुटायचा. त्याच्या वाट्याला ते एकच वाक्य होतं आणि तेही अर्धं. कॅमेरा नुसता सांगाडा होता, त्याच्या पोटात आम्ही जेवणाचे डबे ठेवायचो. पण दादाला हे सांगून उपयोग नव्हता. गाडी गेली की तो उठून यायचा, कानावरची पेन्सिल काढायचा (सुतारकाम सुटलं तरी पेन्सिल सुटली नव्हती) आणि म्हणायचा, "या वेळेला तू फार घाईत उतरलीस. घर सोडणाऱ्या बाईच्या पायात वजन हवं."

"दादा, कॅमेऱ्यात तुझा डबा आहे," मी म्हणायचे.

"डब्याला कळतं," तो म्हणायचा. अशा माणसाशी कोण भांडणार?

हे वेड घरात शिरलं नसतं तरच नवल. मी दादा-वहिनींच्या घरी वरच्या खोलीत राहते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते. दिवसभर डोळे फोडून घरी येते, आणि पलंगावर ओला टॉवेल दिसला की तिचा पारा चढतो. ती बोलायला लागली की दादा हात वर करायचा: "कट! पुन्हा घेऊ." पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती अवाक झाली. मग उठली, दाराबाहेर गेली, घंटा वाजवून परत आत आली आणि म्हणाली, "अहो, हा टॉवेल उचलता का, की मी उचलू तुम्हाला?" त्यावर आम्ही पोट धरून हसलो. तेव्हापासून तो घरचा रिवाज झाला. भांडण कशावरूनही असो, कट म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून आणि गोडीत. माझी भाची नोकरीला लांब गेली तरी फोनवर आवाज चढला की स्वतःच म्हणते, "बाबा, कट." त्या एका शब्दावर त्या घराने पुष्कळ वर्षं सुखात काढली, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन.

इकडे सफरीला मात्र उतरती कळा लागली. पूर्वी रांग आइसक्रीमच्या गाडीला वळसा घालून फाटकापर्यंत जायची. मग पार्कने आकाशात उलटी फिरणारी गाडी आणली आणि तरणी पोरं तिकडे वळली. आमच्याकडे यायचे ते पाय दुखणारे, आणि ज्यांना सावलीत बसायचं असतं ते. भूकंपाचा पूल एकाच बाजूने हलायचा, त्यामुळे डावीकडचे किंचाळायचे आणि उजवीकडचे त्यांच्याकडे बघायचे. हौदातलं जहाज कलायचं ते कललेलंच राहिलं. आणि चालू शूटिंगसमोर गाडी थांबली तरी माना खालीच, ज्याच्या त्याच्या मोबाइलात. एकदा एका मुलीने आईला विचारलं, "ते काका कुणाला रागावतायत?" आईने वर न बघता सांगितलं, "कुणाला नाही गं, तसंच असतं ते." दादाने ऐकलं. त्या दिवशी त्याने माझ्या चालीत एकही चूक काढली नाही. मला रडूच आलं, कारण मी मुद्दाम वाईट चालले होते.

मग नवीन मॅनेजर मॅडमनी त्याला बोलावलं. मॅडम वागायला चांगल्या, खुर्ची देऊन बोलल्या. मोसम संपला की शूटिंगचा थांबा बंद. तिथे एक भिंत येणार, पाहुण्याने समोर उभं राहायचं आणि पोस्टरवर हीरो म्हणून स्वतःचाच चेहरा बघायचा. दादाला पार्कच्या कारखान्यात सुतारकाम देऊ केलं. पक्की नोकरी, ओळखीचं काम, सावलीत. दादा नाही म्हणाला. आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, ना माझ्याजवळ ना वहिनीजवळ.

पण मॅडमनाही चष्मा लागतो. त्या वहिनीच्याच दुकानात काचा बदलायला गेल्या, बोलता बोलता ओळख निघाली आणि त्या भाबडेपणाने म्हणाल्या, "तुमचे मिस्टर सुतारकामाला नाही म्हणाले, मला फार वाईट वाटलं हो."

वहिनी घरी आली ती शांत होती. ती शांत असली की मी जिन्यावर जाऊन बसते.

"थांबा बंद होणार, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

दादा कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक बघत बसला.

"नाही म्हणायचं तर म्हणा हो. तुमचं काम, तुमची मर्जी. पण मला हे दुकानात उभं राहून परक्या बाईकडून कळावं? काचा पुसत मी 'हो हो' करत होते. मी कोण आहे या घरात? गाडीतली पाहुणी? आली, बघितलं, पुढे गेली?"

ती वर गेली, मागोमाग दादा, आणि तिने बॅग भरली. तिची थोरली बहीण बसने जाण्याइतक्या अंतरावर राहते, तिकडे निघाली. माझ्याशेजारून जिना उतरली आणि दादा वरच्या पायरीवर आला. "थांब!" तो म्हणाला. "जाण्याआधी एवढं ऐक..."

ती थांबली. खरंच थांबली, मान वळवून उभी राहिली. मी मनात म्हटलं, बोल रे बाबा, आता बोल. दादाचं तोंड उघडं होतं. त्यातून शब्द निघाला तो असा:

"कट. पुन्हा घेऊ."

वहिनी हसली नाही. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच मान खाली घातली. मग ती गेली. दाराचा आवाजसुद्धा केला नाही.

मी त्याला खूप बोलले. "गाढवासारखा काय उभा राहिलास!" वगैरे. तो म्हणाला, "तोंडातून गेलं गं." आणि ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. त्याने फोन केले तर वहिनीची ताई उचलायची आणि "ती ठीक आहे" एवढंच सांगायची. दादा आपल्या हाताने टॉवेल दोरीवर वाळत घालायला लागला. ते बघवत नव्हतं.

पार्कमध्ये तो खुर्चीत बसून कट म्हणत होता, पण कबुतरं उडत नव्हती. अशाच एका दुपारी घंटा वाजली. गाडीत मोजकी माणसं, सगळ्यांच्या माना खाली. मी दार उघडून पायऱ्या उतरले. पायरीवाला म्हणाला, "थांब! जाण्याआधी एवढं ऐक..." मी मान वळवली आणि वाट बघत राहिले.

कट आलं नाही.

दादाने भोंगा तोंडाशी धरला होता, पण आवाज फुटत नव्हता. आता आली का पंचाईत! थांबावं तर किती थांबणार? मी आपली सूटकेस घेऊन चालायला लागले, खोट्या रस्त्यावरून थेट गाडीच्या दिशेने. मागे पायरीवाल्याची पाचावर धारण बसली. "ऐक..." तो म्हणाला. "ऐक ना... अगं, ऐक तरी..." बिचाऱ्याचा आवाज खराच कापत होता.

आणि गाडीतल्या माना वर आल्या. एक आली, मग दुसरी. मोबाइल मांडीवर पडले. ड्रायव्हरने गाडी पुढे नेलीच नाही. कित्येक वर्षांनी गाडी आमच्याकडे बघत होती, आणि आमच्याकडे दाखवायला काहीही नव्हतं. पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंना राहवेना. त्या अर्ध्या उठल्या आणि पायरीवाल्यावर ओरडल्या, "अहो, नुसतं ऐक ऐक काय करताय? सांगा ना काय सांगायचंय ते! गेली की ती!"

पायरीवाला मटकन खाली बसला. पण ऐकलं दादाने. त्याने भोंगा खुर्चीवर ठेवला आणि तो चालत सुटला. मला वाटलं, बरं नाही वाटत की काय, म्हणून मी मागे धावले. गाडीत टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं, हाच शेवट.

फाटकाबाहेर बस उभी होती. दादा चढला, मी चढले. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की सूटकेस माझ्या हातातच आहे, आणि तोंडाला रंगही तसाच आहे. दादा खिडकीबाहेर बघत होता, मधूनच ओठ हलवत होता. पाठांतर करतोय की काय असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "दादा, काही ठरवून बोलू नकोस." तो म्हणाला, "ठरतच नाहीये गं काही."

दार वहिनीनेच उघडलं. आधी तिला मी दिसले, सूटकेससकट.

"तूपण घर सोडलंस?" ती म्हणाली.

मी बाजूला झाले. दादा पायरीवर उभा होता, या वेळी खालच्या. त्याचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"मला पुढचं येत नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं तिथेच थांबवायचं काम केलं. त्याच्यापुढे बोलायची वेळच आली नाही."

"मग बोला आता," वहिनी म्हणाली. "मी काही कट म्हणणार नाहीये."

तो बोलला. वाईट बोलला, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. सुतारकामाची लाज नाही, असं म्हणाला. पण कारखान्यात भिंतीकडे तोंड करून काम करायचं, तिथे त्याच्याकडे कुणी बघणार नाही, याची त्याला भीती वाटली. आणि ही असली भीती वाटते हे बायकोला सांगायची त्याहून जास्त. "तुला वाटलं असतं, हा स्वतःला खराच डायरेक्टर समजायला लागला," तो म्हणाला.

"समजतच होतात," वहिनी म्हणाली. "मला ते आवडायचं. आणि कुणी बघणार नाही म्हणजे काय हो? मी एवढी वर्षं काय करत होते?"

यावर दादा रडला. भर दुपारी, लोकांच्या दारात. मी सूटकेसवर बसले. थोड्या वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "सुतारकाम घेतो मी."

"ते नंतर बघू. मी आज घरी येणार नाही. राग गेलेला नाही माझा. उगीच गेला म्हणून सांगणार नाही."

मी दादाकडे बघितलं. त्याचा हात थोडा वर उठला होता, त्या जुन्या सवयीने. त्याने तो खाली घेतला.

"बरं," तो म्हणाला. "मग मी थांबतो."

आणि तो तिथेच पायरीवर बसला. वहिनी दारात उभी राहिली. आत गेली नाही, दारही लावलं नाही.