प्रेमलतासाठी थांबलेल्या हातोड्या

इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत गणपतराव तांबटांचं घर होतं. पुढे दुकान, मागच्या पडवीत कारखाना, वर माडीवर बिऱ्हाड. दुकानात पाणी भरायचे पितळी गुंड आणि तांब्याची गंगाळं एकावर एक रचलेली असत. तयार झालेलं भांडं लोखंडी दांड्यावर उपडं घालायचं आणि हातोडीने त्यावर ओळीने एकसारखे ठोके मारत जायचं, याला मठारणं म्हणतात. त्याने भांडं बळकट होतं आणि अंगभर टिकल्यांची नक्षी उठते. सकाळपासून दिवे लागेपर्यंत साऱ्या ओळीत हे ठोके चालू असत. नवखं गिऱ्हाईक कानावर हात ठेवून भाव करी. ओळीतली लेकरं मात्र त्याच गदारोळात पाळण्यात झोपत.

गणपतरावांची थोरली मुलगी प्रेमलता कॉलेजात गेली, ओळीतली पहिलीच. आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात ती नापास झाली.

मुलगी हुशार होती, यात वाद नव्हता. मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली होती. पण एका जागी बसणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. दूध तापत ठेवून ती पाणी भरायला जायची, तिथून दोरीवरचे कपडे काढायला, आणि दूध आपलं उतू जाऊन चूल विझवून मोकळं. चिमटा देवघरात सापडे, उदबत्तीचा पुडा स्वयंपाकघरात. तासाला बाकाखाली पाय हलत राहत. पुस्तकातली एक ओळ वाचताना तिचं मन दोन पानं पुढे नाहीतर सरळ बर्डीच्या बाजारात पोचलेलं असे. असल्या पोरांना आता डॉक्टर इंग्रजी नाव देतात आणि समजून घ्या म्हणतात. तेव्हा धांदरट हे एकच नाव होतं, आणि समजून घेण्याची जबाबदारी धांदरटाचीच होती.

नापास झाल्यावर तर शहाण्यांचं पीकच आलं. आत्याने ब्राह्मीचं तेल पाठवलं. शेजारच्या काकूंनी भिजवलेले बदाम सांगितले. कुणी गुरुवार धरायला लावला, कुणी दंडाला ताईत बांधला. ज्यांना स्वतःला सत्यनारायणाच्या पोथीत अर्धा घंटा धीर धरवत नव्हता, ती माणसं तिला चित्त स्थिर ठेवायला शिकवत होती. गणपतराव मात्र थोडक्यात बोलले. "औंदा पास झाली त पुढं शिक. नाई झाली त मी स्थळ पाहतो. मंग मले बोल नोको लावू."

आईने, रुख्मिणीबाईने, स्थळ आधीच पाहून ठेवलं होतं. कामठीचे आनंदराव, त्यांचा धाकटा मुलगा, भांड्यांचंच दुकान. म्हणजे प्रेमलताचं पुढचं आयुष्य एका परीक्षेला टांगलेलं होतं, आणि परीक्षा टांगलेली होती तिच्या त्या पळपुट्या मनाला.

त्याच हिवाळ्यात कॉलेजात मधुसूदन हरकरे सरांनी एकाग्रतेचा वर्ग काढला. सर पदार्थविज्ञान शिकवायचे, धोतर नेसायचे, आणि मुलांच्या मनाची त्यांना फार काळजी. अभ्यासात मागे पडलेल्यांनी सकाळी कॉलेजच्या आधी यायचं, सतरंजीवर मांडी घालायची, डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मन कोरं करायचं. प्रेमलता मोठ्या आशेने गेली. डोळे मिटले, की खिडकीतलं कबूतर ऐकू आलं. कबुतरावरून शेजारच्या घराचं धाबं, धाब्यावर वाळत घातलेल्या कुरड्या, कुरड्यांवरून मावशीचं लग्न, त्या लग्नात हरवलेली चप्पल. मग एकदम भान आलं, की अरे, आपण तर ध्यानाला बसलो आहोत. परत श्वासावर आली. परत निघाली. परत आली.

शेवटी सरांनी एकेकाला अनुभव विचारला. सगळ्यांना शांत वाटलं होतं. तिच्या शेजारचा मुलगा तर चक्क घोरत होता, त्यालाही फार शांत वाटलं. सरांनी मान डोलावली. प्रेमलताने खरं तेच सांगितलं, कबूतर ते चप्पल, सगळं. मुलं हसायला लागली.

"म्हणजे तुम्ही ध्यान केलंच नाही," सर म्हणाले.

"पण सर, मन गेलं की मला कळत होतं. कळलं की मी परत आणत होते."

"कळून काय उपयोग? ते जायलाच नको. उद्यापासून मागे बसा. इतरांना त्रास नको."

आता याला काय म्हणावं? झोपलेला पुढे आणि जागी असलेली मागे. त्या अख्ख्या सतरंजीवर आपल्या मनावर नजर ठेवून बसलेली ती एकटी होती. तिनेच सांगितलं आणि तीच दोषी ठरली. गुरूने असा न्याय केल्यावर शिष्य थापा मारायला शिकले, तर त्यात नवल नाही. पुढचे काही दिवस प्रेमलतानेही "शांत वाटलं" म्हणून पाहिलं. सर खूश झाले. त्यांच्या खुशीचा तिला इतका संताप आला, की फेब्रुवारी लागताच तिने त्या वर्गाचं तोंड पाहणं सोडलं.

वर्ग सोडला त्या दुपारी ती चिडूनच घरी आली. कारागीर जेवायला गेले होते. दांड्यावर एक गुंड अर्धवट मठारलेला होता. तिने बसून हातोडी उचलली. मॅट्रिकपर्यंत ती इथेच बसायची, समोर पुस्तक, हातात हातोडी. कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी गणपतरावांनी हातोडी काढून घेतली होती. तांबटाच्या घरात बायकांनी चिंच लावून भांडी उजळावी, ठोकणं पुरुषांचं. लहानपणी चाललं, आता लग्नाच्या पोरीने, तेही कॉलेजात जाणाऱ्या पोरीने, ठोकत बसलेलं शोभत नाही. लाडक्या लेकीच्या हाताला घट्टे पडू नयेत, हाही त्यात विचार होता.

ती ठोकू लागली. थोड्या वेळाने मन हरकरे सरांकडे पळालं, तसा ठोका ओळ सोडून पडला आणि आवाज बद्द झाला. तिच्या लक्षात आलं, हात ओळीवर आला. पुन्हा मन गेलं, पुन्हा आवाज बदलला, पुन्हा हात जागेवर. कुणी रागावलं नाही, कुणी मागे बसवलं नाही. आणि गुंडाची एक बाजू भरत आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की महिनाभर डोक्यात न शिरलेलं भिंगाचं सूत्र ती ठोक्यासरशी पुटपुटते आहे. त्याचा अर्थही लागतो आहे.

तिला हसू आलं आणि मग रडू आलं. मॅट्रिकचा पहिला वर्ग कुठून आला होता आणि कुठे गेला होता, हे तिला आता कळलं.

एवढ्यात गणपतराव आले. "काय करून राहिली वं? परीक्षा तोंडावर आली अन् तू ठोकत बसली?" हातोडी गेली. ती सांगू लागली, पण ऐकायला ते थांबले कुठे? ते तसेच कॉलेजात जाऊन हरकरे सरांना भेटून आले. सरांनी सांगितलं, मुलीला शांतता हवी, त्या ठणठणाटात चित्त कसं लागणार? गणपतरावांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या धंद्याने पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मग त्यांनी जे केलं ते ओळीत पूर्वी कधी झालं नव्हतं. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्यांनी हात जोडले. पोरीची परीक्षा होईपर्यंत दुपारभर कुणी ठोकू नये. लग्नसराई तोंडावर, आंदणाच्या भांड्यांचा तगादा, हातोडी खाली ठेवायला कुणाला फुरसत? तरी ओळ हो म्हणाली. "आपली पोरगी हाये गा गणपतराव, ठेवतो बंद," समोरचा धोंडबा म्हणाला, आणि एकेक करून हातोड्या थांबल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण काय तो बंब, आणि किती मायेने आणलेला.

माडीवर प्रेमलता पुस्तक उघडून बसली. जन्मात पहिल्यांदा तिने ओळ मुकी झालेली ऐकली. त्या शांततेत तिला सगळंच ऐकू यायला लागलं. नळाचं ठिबकणं, चिमणीचं पाय घासणं, खाली कुणी खोकलं की दुसऱ्याने त्याला "श्श" करणं. माणसं चपला हातात घेऊन घरावरून जात. पान उलटेना. वर मनात सारखं, की माझ्यासाठी एवढी माणसं हात बांधून बसली आहेत आणि मी चिमण्या ऐकते आहे. शत्रू छळत असता तर भांडता तरी आलं असतं. मायेशी भांडायचं कसं?

आठवडा असा गेला आणि एका दुपारी तिचा बांध फुटला. ती जिना उतरून दुकानात आली.

"बाबा, ठोकायले लावा सगळ्यायले. मले या शांततेत काई सुचत नाई. माह्या हातात हातोडी असली का डोकं जागेवर राहते."

"डोकं फिरलं काय वं तुह्यं? अख्ख्या ओळीपुढं मी हात जोडले तुह्यासाठी."

"जोडले ना. मले इचारलं होतं काय? सर सांगतात, आत्या सांगते, तुम्ही सांगता. डोकं माह्यं आहे अन् आतमध्ये काय होते हे सारं गाव सांगते. मलेच कोणी इचारत नाई."

गणपतराव पाठ फिरवून गंगाळं रचू लागले. प्रेमलता पडवीत गेली, पुस्तक भांड्याला टेकवलं आणि ठोकू लागली. मुक्या ओळीत तो आवाज असा घुमला, की माणसं दुकानाबाहेर आली. धोंडबाने जरा वेळ कान दिला, मग आत जाऊन आपली हातोडी उचलली. तासाभरात ओळ होती तशी झाली. गणपतराव मात्र लेकीशी बोलेनात. ताट समोर आलं तरी मान वर करत नसत.

परीक्षेला थोडेच दिवस राहिले असताना आनंदराव कामठीहून बायकोसह येऊन थडकले, कळवलं होतं त्याच्या आदल्याच दिवशी. रुख्मिणीबाईची धांदल उडाली. चहा होईस्तोवर आनंदराव धंदा पाहायला म्हणून मागे पडवीत शिरले. तिथे कारागिरांच्या रांगेत, पदर खोचून, कपाळावर घाम, त्यांची होणारी सून गंगाळ ठोकत होती आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होती.

"गणपतराव, हे काय पाहून राहिलो मी? पोरगी ठोकते? अन् एकटीच बोलते. डोक्यानं बरी आहे ना?"

ठोके थांबले. प्रेमलताने मान वर केली नाही. रुख्मिणीबाई दारात कपबशा घेऊन उभी होती, तिने डोळ्यांनीच नवऱ्याला विनवलं. गणपतरावांनी लेकीकडे पाहिलं, भांड्याला टेकवलेल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"डोक्यानं बरी आहे म्हणूनच ठोकते," ते म्हणाले. "तिचा अभ्यास असाच होते. परीक्षा आहे तिची. तुम्ही समोर बसा, चहा घ्या. पण आवाज बंद व्हनार नाई."

आनंदरावांनी चहा घेतला नाही. रुख्मिणीबाई दोन दिवस जेवली नाही, आणि स्थळ गेल्याचं पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवत राहिली. त्या संध्याकाळी गणपतराव पडवीत येऊन लेकीच्या शेजारी बसले. किती शिकायचं राहिलं, हे त्यांनी विचारलं, आणि तिने सांगितलं ते अर्धं कळलं नाही तरी पुरतं ऐकून घेतलं.

प्रेमलता पास झाली, दुसऱ्या वर्गात. जुलैत कॉलेज उघडलं. पहिल्याच तासाला हरकरे सरांनी तिला उभं केलं आणि नव्या मुलांना दाखवलं. एकाग्रतेच्या वर्गाने किती फरक पडतो पाहा, म्हणाले.

"सर, मी फेब्रुवारीपासून त्या वर्गाला आलेच नाही," प्रेमलता म्हणाली.

वर्गात चुळबुळ झाली. सरांनी चष्मा काढून पुसला. "बसा," ते म्हणाले, आणि फळ्याकडे वळले.

ती बसली नाही. वही घेऊन मागच्या भिंतीशी गेली, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत, उभ्याने तिने तो तास ऐकला, सगळा ऐकला.