मालनवहिनीच्या साठ वाट्या

आता मी लोकांना सांगते की माझी वहिनी कलाकार होती. माती आणि काच, दोन्हीतली. तेव्हा मात्र आम्ही सगळे म्हणायचो, "मालन चिखलात खेळते." मीसुद्धा म्हणायची. खोटं कशाला बोलू?

मालन म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, जयवंताची बायको. अठ्ठ्याहत्तर साली त्याला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत तो गेला. वहिनी तेव्हा सत्तावीस वर्षांची, पदरात मूल नाही. माहेरी कणकवलीला परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती गेली नाही. घाटकोपरला पंतनगरात आमच्या आईजवळच राहिली आणि विक्रोळीच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. मी समोरच्याच बिल्डिंगमध्ये दिलेली, त्यामुळे दिवसातून चार फेऱ्या व्हायच्या. ती माझ्याशी कमीच बोलायची. मी दोघींच्या वाटचं बोलायची.

कंपनीतल्या एका बाईबरोबर ती एकदा मरोळला गेली. तिथे चंद्रप्रकाश मास्तर म्हणून उत्तर प्रदेशातल्या खुर्जाकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. पत्र्याच्या शेडमध्ये फ्यूजची पांढरी चिनीमातीची खोकी बनवायचे आणि उरल्या वेळात आपल्या हौसेने सुरया, वाट्या करायचे. वहिनी त्यांच्या कुंभारी चाकासमोर जी बसली ती बसलीच. चार वर्षं तिने एक रविवार चुकवला नाही. आई करवादायची, "रविवार म्हणजे माणसान घरात बसूचा, मासे खावचे. ह्या बाईचा काय ता येगळाच!" पण आईने तिला अडवलं कधी नाही.

काच तिने स्वतःच्या डोक्याने आणली. स्टेशनजवळ माणिक कासार बसायचा. बांगड्या भरताना ज्या तडकतात, त्यांचे तुकडे तो गादीखालच्या डब्यात टाकायचा. वहिनी तो डबा घेऊन यायची. घरी बसून एकेक तुकडा मोडून आत बघायची. वरूनच रंग दिलेली बांगडी भट्टीत गेली की काळपट होते, आरपार रंगाची असेल तरच टिकते. मग ते तुकडे धुवायचे, नाकातोंडाला फडकं बांधून खलबत्त्यात कुटायचे, आणि भाजलेल्या वाटीच्या तळाशी मूठभर घालून ती वाटी पुन्हा भट्टीत लावायची. काच वितळून तळाशी पसरायची. निवली की आत बारीक बारीक भेगा दिसायच्या, पण हात लावाल तर वरून गुळगुळीत. वाटीत पाणी ठेवलंय असंच वाटायचं. भट्टी निवायला दीड दिवस लागायचा. तोवर झाकण उघडायचं नाही, मास्तरांनासुद्धा ती उघडू द्यायची नाही.

आईला ते तुकडे बघवायचे नाहीत. आमच्यात बांगडी 'फुटली' असं तोंडानेसुद्धा म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. आणि इथे तर डबाभर! "गो, ह्यो काचो घरात कित्याक?" आई विचारायची. मी आईवर खेकसायची, "आई, जग कुठे चाललंय आणि तू कुठे आहेस! काच ती काच." फार पुढारलेली होते ना मी!

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर मास्तरांनी सांगितलं की शेड सोडतोय, गावी जातोय. भट्टी छोटी होती, विजेवरची. "मालनबाई, भट्टी तुम ले लो. पैसा नहीं चाहिए. जनवरी तक उठा लेना, नहीं तो भंगार में जाएगी." आता दहा बाय बाराच्या खोलीत भट्टी ठेवणार कुठे? आणि मास्तर गेले की मुंबईत दुसरी कोणाची भट्टी तिला मिळणार होती?

आमच्या महिला मंडळाची मागची एक खोली रिकामी पडलेली होती. मीटरही वेगळा. मीच वहिनीला ओढत अध्यक्षाबाईंकडे, मृणालिनीबाईंकडे घेऊन गेले. बाई भल्या होत्या, शाळेत शिकवायच्या. त्यांनी वाटी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "किती सुरेख! असं करू, संक्रांतीला आपलं हस्तकलेचं प्रदर्शन आहे आणि पहिल्याच दिवशी हळदीकुंकू. साठ वाट्या करा. या वर्षीचं वाण म्हणून ह्याच लुटू. बायकांना आवडल्या की कमिटीत खोलीचं मी बघते. तुम्ही तिथे वर्ग घ्या, भट्टी लावा."

रस्त्यात वहिनी हसली. जयवंत गेल्यापासून मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. "कुंदा, वर्ग गं! मला बाई म्हणतील."

वाण म्हणजे सवाष्णींनी सवाष्णींना द्यायचं. करणारी विधवा, घेणाऱ्या सवाष्णी, हे मला खटकलं नव्हतं असं नाही. पण वहिनीच म्हणाली, "मी प्रदर्शनाच्या टेबलामागे बसेन. कुंकवाच्या बाजूला येणारच नाही." मी भडकले. "का नाही येणार? कोणाच्या बापाची भीती आहे?" ती म्हणाली, "मला खोली हवीय, कुंदा. भांडण नको."

मी तिला मदत करणार होते. वाट्या पुसायच्या, कागदात गुंडाळायच्या, बसने आणायच्या. पण डिसेंबरात आमच्या ह्यांच्या, रामनाथांच्या छातीत कळ आली. तीन आठवडे दवाखाना. मी पार कोलमडले. त्या दिवसांत वहिनी कामावरून थेट दवाखान्यात यायची, मला घरी पाठवायची, ह्यांना स्वतःच्या हाताने पेज भरवायची. आणि रविवारी मरोळ. सगळ्या वाट्या तिने एकटीने आणल्या, जुन्या लुगड्यांत गुंडाळून, टोपलीत घालून, तीनशे चाळीस नंबरच्या बसच्या गर्दीत टोपली पोटाशी धरून.

संक्रांतीच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये तिने टेबल मांडलं. मोठ्या सुरया, थाळ्या मागे आणि पुढे साठ वाट्या. बाकीच्या टेबलांवर विणलेले रुमाल आणि मण्यांची तोरणं होती, पण बायका हिच्याच टेबलाशी. हिरव्या वाट्यांवर तर नुसत्या तुटून पडल्या. "अगंबाई, पाणी आहे की काय ह्यात?" "हा हिरवा कुठून गं आणलास?" वहिनी नुसतीच लाजत होती. मृणालिनीबाईंनी लांबून मला मान हलवून दाखवली. खोली मिळाल्यातच जमा होती.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही. पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! मला वहिनीचा इतका अभिमान वाटत होता की मी मोठ्याने म्हटलं, "अहो, हे पाणीबिणी नाही. बांगड्यांच्या काचा आहेत ह्या! फुटक्या बांगड्या वितळवून केल्यात माझ्या वहिनीने!"

ज्या बाईच्या हातात वाटी होती तिने ती हळूच टेबलावर ठेवली आणि हात पदराला पुसले. दुसऱ्या एकीने विचारलं, "कोणाच्या बांगड्या?"

"कासाराकडच्या हो," मीच घाईघाईने म्हटलं. "भरताना तडकतात ना, त्या. त्यात काय एवढं?"

ते खरंच होतं, आणि त्यावर भागलंही असतं. एकदोघी माना हलवायला लागल्या होत्या. पण त्या बाईने माझ्याकडे न बघता वहिनीलाच विचारलं, "सगळ्या कासाराकडच्या?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. हा गुण मला त्या दिवशी गुण वाटला नाही. ती म्हणाली, "बहुतेक. शेवटच्या भट्टीला हिरवा रंग धरेना. कासाराकडे आरपार हिरवी बांगडी मिळेना. माझ्या लग्नातल्या चांगल्या काचेच्या होत्या. त्यांचे तुकडे मी ठेवले होते. ते घातले."

म्हणजे जयवंताला उचलायच्या आधी बायकांनी तिच्या हातांवर ज्या फोडल्या, त्या. मला माहीत नव्हतं. आईशपथ मला माहीत नव्हतं. सात वर्षं ते तुकडे तिने कुठे ठेवले होते, देव जाणे.

"अगं पण मग कोणत्या वाट्यांत आहेत ते?" कोणीतरी विचारलं. वहिनी म्हणाली, "हिरव्यांत. कुठल्या कुठल्यांत ते आता वेगळं नाही सांगता यायचं." 

बायका मागे सरकल्या. कुणी वाईट बोललं नाही हो. भांडली असती एखादी तर मी तिची खरडपट्टी काढली असती. पण सगळ्या नुसत्याच आपल्या हातातल्या बांगड्या चाचपत उभ्या राहिल्या. मृणालिनीबाई पुढे आल्या. "हे बघा, आपण शिकलेल्या बायका. काच तापवली की सगळी सारखीच. एका सवाष्णीने आधी घेतली की बाकीच्या घेतील. कुंदाताई, तुम्ही घरच्याच. या, तुमच्यापासूनच सुरुवात करू." त्यांनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि हिरवी वाटी उचलून माझ्यापुढे धरली.

मी हात पुढे केला. आणि काय सांगू, मला ह्यांचा चेहरा दिसला. दवाखान्यातला, ओठ निळे पडलेला. मी हात मागे घेतला नाही, पण पुढेही नेला नाही. तसाच राहिला तो. सगळा हॉल त्या हाताकडे बघत होता. आईला शिकवायची, जगाला शिकवायची, आणि माझं हे असं! जमिनीने मला गिळलं असतं तर बरं झालं असतं.

टेबलामागून वहिनी उठली. दिवसभरात पहिल्यांदाच ती कुंकवाच्या बाजूला आली. तिने मृणालिनीबाईंच्या हातातून वाटी काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुंदाला नका आग्रह करू. तिच्या घरी माणूस आजारी आहे."

बस, एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.

अर्ध्या तासात कोणीतरी बाजारातून प्लॅस्टिकच्या गाळण्या आणल्या. वाण म्हणून त्या लुटल्या. एक मीही घेतली. घरी जाऊन ह्यांना सगळं सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, वाटीच तर होती." मी भांड्यांवर राग काढला.

खोली पापडवाल्या बायकांना गेली. मृणालिनीबाई कमिटीत भांडल्या म्हणे, पण एकट्या पडल्या. महिनाअखेर मास्तरांची भट्टी हातगाडीवर चढली. वहिनी शेवटपर्यंत तिथे उभी होती, असं तिच्या कंपनीतल्या बाईने मला सांगितलं. मला तिने बोलावलं नव्हतं.

महिनाभर मी त्या घरची पायरी चढले नाही. शेवटी आईनेच निरोप धाडला, "तुझा तोंड दाखय एकदा." एका रविवारी गेले. वहिनी मोरीजवळ बसून हातानेच वाटी थापत होती. कच्च्या मातीच्या पाचसहा वाट्या फळीवर वाळत होत्या. म्हटलं, "ह्या भाजणार कुठे?"

"कुठे नाही. वाळल्या की बादलीत टाकते. भिजून पुन्हा माती होते. हाताची सवय जाऊ नये म्हणून गं."

मला रडूच आलं. तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि सांगून टाकलं, "वहिनी, मी चुकले. मी ती उचलायला हवी होती. तुझी खोली माझ्या हातात होती आणि मी ती घालवली."

ती थापायची थांबली नाही. "उचलली असतीस तर रोज त्यांच्या छातीला कान लावून झोपली असतीस. मला नव्हतं का ठाऊक?"

"पण तू केलेली वाटी होती ती!"

"हो ना," ती म्हणाली. "पण त्या अकरा दिवसांत माझ्यापुढे कोणी तशी वाटी धरली असती ना कुंदा, तर मीही उचलली नसती. मी तर ती हॉलबाहेर फेकून दिली असती."

मग फळीवरच्या वाळलेल्या वाट्या तिने एकेक करून बादलीत सोडल्या आणि मला म्हणाली, "ऊठ, वर पाणी ओत." मी उठून पाणी ओतलं.