दोन दिवस चुकलेली पुडी

आई सातपाटीची. पालघरच्या बाजारात मासळी विकायची. गुडघे कामातून गेले होते, पण गावच्या दवाखान्यात डॉक्टर कधी असायचा, कधी नसायचा. त्याविरुद्ध मी पत्रकं काढत होतो, घोषणा देत होतो. पत्रकानं गुडघ्यांचं दुखणं थांबत नाही. आईनं आठवडी बाजारातून 'जडीबुटी' लिहिलेली पांढरी पुडी आणली आणि आठवड्यात टोपली घेऊन ताठ चालायला लागली. पुढे तिचं तोंड गोल झालं. आळीतल्या बायका म्हणाल्या, "अंगाला लागलंय हिच्या!"

मी तिच्यावर ओरडलो. अडाणी म्हणालो. तिनं माझ्यासमोर पुडी घेणं बंद केलं. मला वाटलं, जिंकलो.

मग एके दिवशी ती बाजारातच कोसळली. बोईसरच्या एका खासगी इस्पितळात नेलं. जठराला भोक पडलं होतं, लगेच ऑपरेशन. कागदावर प्रश्न होता, काही औषधं चालू आहेत का? मी ठसक्यात लिहिलं, नाही.

ऑपरेशन नीट झालं, पण रक्तदाब वर येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या शेजारी बसून मासळी विकणारी मावशी आली. पदराच्या गाठीत चार पुड्या.

"दोन दिवस पुडी चुकली हाय तिची," ती म्हणाली. "मंग उठंल कशी? डाक्टरला दे."

म्हणजे आई मला चोरून घेतच होती. माझं डोकं फिरलं. "मावशी, पोट फाडलंय तिचं! आणि तुम्ही ही राख घेऊन आलात?"

"राख तं राख. तुला लय कळतं. जा, पत्रक छाप."

ती रडत गेली. पुड्या मी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, आणि डॉक्टरांना अवाक्षर बोललो नाही. आई अशी अडाणी निघाली, याची लाज वाटली मला. लाज!

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "रक्तदाबाची औषधं वाढवून वाढवून आता वाव उरला नाही. यांचा चेहरा आधीपासून असा गोल आहे? हातावर हे निळे डाग? स्टेरॉइड घेत होत्या का?"

मी पुडीचं सांगितलं.  त्यांनी आधी सिस्टरला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला सांगितलं, मग मला समजावलं. शरीरावर एवढा घाव पडला की मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी एक संप्रेरक भराभर सोडतात, माणूस त्याच्या जोरावर तग धरतो. तेच पुडीतल्या स्टेरॉइडमधून बाहेरून रोज मिळत राहिलं की ग्रंथी काम सोडतात. मग पुडी एकदम थांबली, की शरीराकडे लढायला काही उरत नाही. भोकही बहुतेक पुडीनंच पडलं होतं, आणि दुखणं तिनंच झाकून ठेवलं होतं.

मावशीनं हेच सांगितलं होतं. तिच्या शब्दांत.

संध्याकाळी रक्तदाब थोडा चढला. आईनं डोळे उघडले. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. पण मूत्रपिंडं तोवर निकामी झाली होती. पाचव्या दिवशी ती गेली.

"पुडीचं एक दिवस आधी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर देऊनही काही जण जातात."

ही सवलत मला नको आहे. जडीबुटीच्या नावाखाली स्टेरॉइड विकणारा गुन्हेगार आहे, दवाखाना ओस ठेवणारे गुन्हेगार आहेत, हे मी आजही ओरडून सांगतो. पण चार पुड्या डब्यात टाकणारा हात माझा होता.

महिन्याभरानं बाजारात गेलो. आईची जागा रिकामी होती. शेजारी मावशी सुरमई कापत होती. तिचंही तोंड गोल झालंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"मावशी, तुम्ही पण घेता?"

तिचा कोयता थांबला. 

"एकदम बंद करू नका," मी म्हणालो. "पुडी घेऊन माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. ते हळूहळू सोडवतील."

"आनि तितं माज्यावर वरडलास तं?"

"नाही ओरडणार."

तिनं हात धुतले, कनवटीची पुडी काढली आणि माझ्या हातात न देता स्वतःच्या मुठीत धरून उठली.