बुडाला कडी असलेला लोटा

लग्न होऊन मी तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या या बाजारगावात आले, तेव्हा पिण्याचं पाणी एकाच जागी होतं, पायऱ्यांच्या विहिरीत. बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. त्याच पाण्यात नारू होता. तो पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने पायाला फोड येऊन दोऱ्यासारखा लांब किडा होऊन बाहेर पडायचा. फोडाची आग होई म्हणून माणसं पाय त्याच विहिरीत बुडवून बसत, आणि रोग पुन्हा पाण्यात उतरे.

आमच्या मारवाडी जैनांच्या घरात मात्र कुणालाही नारू नव्हता. आम्ही पाणी दुहेरी फडक्यातून गाळत असू. फडक्यात अडकलेले जीव मारायचे नाहीत, ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे. तेही वरून फेकून नाही, पाण्याजवळ जाऊन हलक्या हाताने. याला जिवाणी म्हणतात. ते काम सुनेचं, म्हणजे माझं.

जिवाणी सोडायला जाता-येता पायऱ्यांवर माझी एक मैत्रीण झाली. कापसाच्या शेतात मजुरी करायची, तोंडाची तिखट. बाहेर पडणारा नारू काडीवर गुंडाळत हळूहळू ओढून काढायचा असतो; तसा काढताना तिच्या उजव्या पायातला तुटला आणि गुडघा वाकडा झाला तो झालाच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे पाणी असंच पीत राहिलीस तर दुसराही पाय जाईल. मी तिला आमच्यातलं एक फडकं दिलं. घरी ती गाळायची, पण शेतावरून आली की पायरीवरच ओंजळ भरायची. मी ओरडले तर म्हणाली, "तहान लागनी म्हंजे फडकं कोन धुंडस व बहीन?"

त्या उन्हाळ्यात गावाने पाण्यासाठी कमिटी नेमली होती. सासरे तिचे प्रमुख, म्हणून बैठक आमच्या ओट्यावर, आणि मी दाराआड. तापीचं पाणी गाड्यांनी आणावं, तर बैल किती लागतील यावरच दुपार सरे. नवी विहीर खणून पाहिली, तिला खारं पाणी लागलं. राहिले दोन उपाय. विहिरीत औषध टाकायचं, नाहीतर पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट बसवायचा.

औषधाची गरज पटावी म्हणून डॉक्टरांनी विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं. आत नारू पोटात नेणारे पांढरे ठिपके उड्या मारत होते. सासऱ्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि चक्क हात जोडले. "पाहिलंत? जीव आहेत. आम्ही इतकी वर्षं हेच सांगतोय. मग यांना मारायचं कसं?" डॉक्टरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला आधी हसू आलं, मग संताप आला.

पायऱ्या बुजवायलाही ते तयार नव्हते. मग जिवाणी काय वरून फेकायची? त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. सुपारी फिरे, बैठक पुढे ढकलली जाई. पावसाळा गेला.

माझ्या माहेरी विहिरी खोल. तिथे जिवाणीचा लोटा वेगळा असतो, त्याच्या बुडालाही कडी असते. लोटा सरळ खाली सोडायचा, पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढायची. तो पाण्यावरच अलगद उपडा होतो. मला हे ठाऊक होतं, पण सुनेने सासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "आता कमिटीला तू शिकवणार?"

मैत्रीण एकदा म्हणाली, "तुन्हा सासराले किडासनी दया येस. मी बी जीवच शे ना व?" ते शब्द मला घासाघासाला आठवत.

दिवाळीला भाऊ न्यायला येणार होता. त्याला मी तो लोटाच आणायला सांगितला. कमिटी पुन्हा एकदा नुसतं मोजमाप घ्यायला विहिरीवर जमली, त्या दिवशी पदर पुढे ओढून मी सरळ काठावर गेले आणि सगळ्यांदेखत त्याने आणलेल्या लोट्याने वरून जिवाणी सोडली. सासरे वाकून बघत राहिले. घरी आल्यावर मला ऐकू जाईल अशा बेताने सासूबाईंना म्हणाले, "एवढंच होतं, तर बिंदणीने आधी का नाही सांगितलं?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फडकं पिळत राहिले.

पायऱ्या बुजल्या, रहाट लागला, पेढे वाटले गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मैत्रीण आमच्या ओट्याशी टेकली. तिच्या चांगल्या पायाच्या घोट्यावर फोड आला होता. सासरे बाहेर आले, फोड पाहून गोंधळले. "आता कसा आला? पायऱ्या तर आपण बुजवल्या."

मी दाराआडून बाहेर आले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले.

"बाउजी, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या बैठका चालल्या होत्या ना, तेव्हा ती हे पाणी पीत होती."